पुतण्याची कवळी

गेली कित्येक वर्षं ती एका माणसाचे दात पडायची वाट पाहत होती.

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर बोलायची पद्धत म्हणून सोडून देता आलं असतं. पण ती कवळ्या करणारी बाई, तेव्हा तिचं म्हणणं अगदी शब्दशः घ्यायचं. दातांचे डॉक्टर आणि कवळ्या करणारे कारागीर यांची वर्षातून एकदा सभा भरते. तिथे हा माणूस व्यासपीठावर हसला की बाकीचे टाळ्या वाजवायचे आणि ती मागच्या रांगेतून त्याच्या हिरड्या बघायची. हिरड्या मागे सरकल्यात. वरचा सुळा लांब दिसायला लागलाय. बोलताना जीभ सारखी उजवीकडे जातेय, म्हणजे तिथं काहीतरी हलतंय. घरी येऊन हे सगळं ती इतक्या आनंदानं सांगायची की नवरा म्हणायचा, "लोकांच्या बायका समारंभाला जाऊन दागिने बघून येतात. आमची दुसऱ्याचा सुळा बघून येते."

"पडू दे एकदा. मग बघते."

"काय बघशील? दातच नसतील."

"म्हणूनच."

हा माणूस म्हणजे काकांचा पुतण्या. आता शहरातल्या सगळ्यात मोठ्या लॅबचा मालक, दारावर पितळी पाटी, आत पांढरे कोट घातलेली माणसं. आणि काका म्हणजे ज्यांनी तिला हातात मेण धरायला शिकवलं ते. नात्याचे कुणी नव्हते. पण वडिलांचा चेहरा तिला फोटो बघून आठवायचा आणि काकांचा डोळे मिटले की.

ती शाळकरी असताना तिच्या आईचे दात गेले. ऐन तारुण्यात, दुखण्यापायी, सगळेच्या सगळे. काकांच्या लॅबमधून आईला कवळी करून आली. दवाखान्यात ती आईच्या तोंडात बसवली, आईनं आरसा हातात घेतला, मागे वळून लेकीकडे बघून हसली, आणि लेकीनं भोकाड पसरलं. "ही माझी आई नाही! माझी आई अशी हसत नाही!"

आई ओशाळली. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, सवय होईल. पण कोपऱ्यात एक किडकिडीत माणूस कवळीचा रिकामा डबा पुसत उभा होता. तो पुढं आला, गुडघ्यांवर बसला आणि तिला म्हणाला, "मग कशी हसते तुझी आई? मला सांग की. मला कुणी सांगितलंच नाही."

तिनं नाक पुसत सांगितलं. पुढचा एक दात दुसऱ्याच्या मागून डोकावल्यासारखा होता. दारामागून पाहुणे बघावेत तसा. काकांनी ऐकून घेतलं, पुन्हा विचारलं, "डावा की उजवा?" आणि केलेली कवळी परत घेऊन गेले. नवी आली तेव्हा आई हसली आणि आईच हसली. काका तिला म्हणाले, "तुझ्या डोळ्याला दिसतं ते डॉक्टरला दिसलं नाही आणि मलाही नाही. शाळा सुटली की येत जा."

झालं, ती जायला लागली. शाळा सुटल्यावर, मग कॉलेज सुटल्यावर, मग कायमचीच.

काकांची लॅब म्हणजे एक लांबट खोली. खिडकीखाली टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या, चाकू. भिंतींना छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर शहरभरच्या माणसांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. काकांची एक रीत होती, आणि बाकीचे कारागीर त्यापायी त्यांना हसायचे. कवळी करायच्या आधी ते माणसाचा जुना हसरा फोटो मागायचे, आणि तो नसेल तर घरच्या माणसाला समोर बसवून विचारायचे. मग त्या माणसाची खोड त्या कवळीत घालायचे. कुणाची फट, कुणाचा झिजलेला कोपरा, कुणाचा पुढं आलेला सुळा. "अगं, सरळसोट दात कुणाचेच नसतात," ते म्हणायचे. "असले दात घातले की तोंड भरतं, पण माणूस हरवतो."

दुसरा नियम आणखी साधा. कवळी कुणाचीही असो, टोचता कामा नये.

तोंडाचं माप घ्यायला ती शिकली ती काकांच्याच तोंडावर. "दुसऱ्याच्या तोंडात गोंधळ घालण्यापेक्षा माझ्या घाल," म्हणाले आणि आ करून बसले. तिनं हौसेनं मापाच्या चमच्यात साचा उठवायचा मसाला एवढा भरला की तो घशापर्यंत गेला. काकांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, मान लाल झाली, काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या, "अगं पोरी, मारतेस की काय त्यांना!" आणि काका तोंड भरलेलं असताना बोटं जुळवून खूण करत होते: छान, छान, अगदी छान. त्या मापाचा साचा तिनं स्वतः ओतला. त्यात काकांचं सगळं होतं. पुढच्या दोन दातांमधली फट, आणि त्यांच्या शेजारचा जरासा वळलेला दात. कुणी मागून हाक मारावी आणि मान वळवून बघावं तसा.

पुतण्या आला तो काकांचे हातपाय थकायला लागल्यावर. बोलायला गोड, चालायला चटपटीत. लॅबचं बाहेरचं सगळं त्यानं हातात घेतलं. काका म्हणायचे, "माझं पोर आलं. आता मी नुसते दात करतो."

मग एका वृद्धाश्रमाचं मोठं काम आलं. काका तापानं घरी पडले होते. कवळीचं गुलाबी प्लास्टिक साच्यात भरून पाण्यात मंद आचेवर ठेवायचं असतं, दूध आटवायला ठेवावं तसं. घाई केली की वरून चकचकीत दिसतं, आत कच्चं राहतं, आणि मग ते हिरड्या भाजतं. ती म्हणाली, थांबू या, काकांना विचारू या. पुतण्या म्हणाला, "काकांना काय विचारायचंय? पाणी उकळायला काय परवाना लागतो?" आणि त्यानं आच मोठी केली.

म्हाताऱ्यांची तोंडं भाजली. पाणी पिता येईना. सभा बोलावली गेली, सगळे डॉक्टर जमले. काका ताप अंगात घेऊन येऊन बसले. पुतण्या उभा राहिला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, "काय सांगू? घरचं माणूस आहे. काकांचे हात थरथरतात, नजर गेलीय. मी कितीदा म्हटलं, आता बस करा. ऐकत नाहीत."

ती ताडकन उठली. "खोटं आहे! काका तर घरी होते! आच यांनी मोठी केली!"

पुतण्या तिच्याकडे बघून कनवाळूपणे हसला. "काकांची लाडकी आहे. तिचं वाईट वाटून घेऊ नका."

हॉलमध्ये हशा पिकला. काकांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. वाटेत एवढंच म्हणाले, "पोर घाबरलंय. उद्या येऊन सांगेल."

उद्या उजाडला, पुतण्या आला नाही. आला तो लॅबचं कुलूप बदलायला. फळ्यांवरचे सगळे साचे त्यानं मागच्या अंगणातल्या खड्ड्यात ओतले आणि मजुराला सांगितलं, कूट आणि जमीन सपाट कर. ती तेव्हा आपलं सामान न्यायला आली होती. एक साचा तेवढा तिनं जेवणाच्या डब्यात घालून पळवला. काकांच्या तोंडाचा.

काका त्यानंतर फार राहिले नाहीत. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायला लावायचे. तिनं एकदा चिडून म्हटलं, "काका, एकदा तरी शिवी द्या हो त्याला! एकदा!" काका म्हणाले, "तोंड कशाला खराब करायचं. येईल तो सांगायला." दारावर थाप पडली की त्यांची मान वळायची. दूधवाला असायचा.

ती शिवी मग तिनंच पोटात ठेवली. लग्न झालं, मुलं झाली, तिची स्वतःची लॅब झाली, कसली लॅब, घराची मागची खोली. काकांची रीत तिनं सोडली नाही. पण काकांचं नाव घेतलं की जुने लोक हळहळून म्हणायचे, "माणूस भला होता, शेवटी मात्र हात गेले त्यांचे." ते ऐकलं की तिच्या अंगाची लाही लाही व्हायची. हात गेले म्हणे! तिला पुतण्याचं वाटोळं व्हायला नको होतं, तो मरायलाही नको होता. ज्या तोंडानं तो ते बोलला, ते तोंड तिला हवं होतं.

आणि ते आलं. ज्या डॉक्टरीणबाईंचं काम ती करायची, त्यांचा फोन आला. "अगं, मोठं गिऱ्हाईक आहे. स्वतःच लॅबवाला! वरचे सगळे दात काढलेत, आणि स्वतःच्या लॅबची कवळी त्याच्याच तोंडात बसत नाही. तीन पोरांनी प्रयत्न केला. कुणाला सांगू नकोस म्हणून सांगितलंय त्यानं."

ती एवढी हसली की फोन ठेवून पाणी प्यावं लागलं.

दवाखान्यात खुर्चीवर पुतण्या बसला होता. गाल आत गेलेले, ओठ दुमडलेले, पिशवीचं तोंड नाडीनं आवळावं तसे. तिला बघून तो क्षणभर चपापला, मग सावरला. "अगं, तू ती ना? काकांची लाडकी! काकांचा हात तुझ्याकडे आलाय म्हणतात. म्हणून आलो."

"कुठला हात?" ती म्हणाली. "थरथरणारा?"

त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं. "यंदा सभेचा अध्यक्ष होतोय मी. भाषण करायचंय. नीट दिसलं पाहिजे."

"हसरा फोटो लागेल. तरुणपणीचा."

दुसऱ्या दिवशी त्यानं फोटो पाठवला. तिनं तो टेबलावर ठेवला आणि बघतच राहिली. काकांच्या लॅबच्या दारातला फोटो. पुतण्या मोकळा हसत होता, आणि त्याच्या शेजारचा माणूस कात्रीनं कापून टाकला होता. सफाईनं कापलं होतं. फक्त पुतण्याच्या खांद्यावर एक हात राहिला होता. मधल्या बोटाच्या नखावर मेणाचा डाग होता. तो काढायचा तर पुतण्याचा खांदाही कापावा लागला असता.

त्या आधीपर्यंत तिचा बेत वेगळा होता. कवळीच्या आतल्या बाजूला, टाळूपाशी, तांदळाएवढा उंचवटा ठेवायचा. सहज दिसू नये असा. बोलला की टोचेल, खाल्लं की टोचेल, भाषण करताना तर सुईसारखा टोचेल. तिनं तो प्लास्टरवर करूनही पाहिला होता. त्यावरून अंगठा फिरवला आणि वाटलं, व्वा. पण पुन्हा फिरवला तेव्हा काका म्हणालेच: टोचता कामा नये. मेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. तिनं दातओठ खात तो उंचवटा खरवडून काढला.

आता तो फोटो बघताना मात्र ती उठली, कपाटातला जुना जेवणाचा डबा काढला आणि काकांचा साचा फोटोशेजारी ठेवला.

नवरा चहा घेऊन आला. "हे काय चाललंय?"

"याच्यातला एक माणूस कापलाय," ती म्हणाली. "परत लावतेय."

तिनं आयुष्यात इतकं सुंदर काम केलं नव्हतं. टाळूला असं बसणारं की पाणीसुद्धा मध्ये शिरू नये. चावा चोख. कुठे कंगोरा नाही, कुठे खुपणं नाही. आच इतकी मंद ठेवली की पाण्यात बुडबुडासुद्धा विचारून आला असेल. आणि पुढचे दोन दात, त्यांच्यामध्ये फट, त्यांच्या शेजारी मान वळवून बघणारा तो दात. साच्यावरून एकेक दात घेऊन तिनं काकांचं हसू जसंच्या तसं उभं केलं.

पुतण्यानं कवळी घालून आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "सरळ नाहीत गं हे. पण... ओळखीचं वाटतंय."

"तुमच्या घरातलंच आहे," ती म्हणाली.

"चेहऱ्याला फार शोभतंय हो," डॉक्टरीणबाई मनापासून म्हणाल्या. त्यांनी काकांना कधी पाहिलं नव्हतं. पुतण्या सुखावला. "खानदानी दिसतंय, नाही?"

सभेला ती मागच्या रांगेत नेहमीच्या जागी बसली. पुतण्या अध्यक्षाच्या खुर्चीवरून उठला, माइकपाशी आला आणि सभेकडे बघून हसला. पहिल्या रांगेत एक फार म्हातारे डॉक्टर होते, कानानं कमी, म्हणून बोलायला मोठे. ते ओरडले, "अरे! हा तर काका!"

आधी कुजबुज. मग हॉलभर तेच. "खरंच की!" "हुबेहूब!" "मी तर दचकलोच." पुतण्यानं नव्या यंत्रांविषयीचं आपलं भाषण वाचलं, पण कुणी ऐकेना, जो तो शेजाऱ्याला काकांची गोष्ट सांगत होता. चहाच्या वेळी त्याला सगळ्यांनी घेरलं. माझ्या आईची कवळी काकांनी केली होती. माझ्या सासऱ्यांना तर त्यांनी तुटका दातसुद्धा तुटकाच करून दिला होता, काय हसलो होतो आम्ही! आणि ते म्हातारे डॉक्टर त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत मोठ्यानं म्हणाले, "तो वृद्धाश्रमाचा घोळ मला तेव्हाही पटला नव्हता. त्या मुलीनं काहीतरी सांगितलं होतं, नाही का? काय सांगितलं होतं रे?"

पुतण्यानं चहा न पिता कप ठेवला. मागच्या रांगेतून ती ते बघत बसली. बिस्किटं फार चविष्ट होती.

पुढच्या आठवड्यात तो तिच्या घराच्या मागच्या खोलीत येऊन थडकला. "हे दात बदल."

"टोचतात?"

"नाही."

"हलतात? खाताना निसटतात?"

"नाही. कणीस खाल्लं काल."

"मग तक्रार काय?"

त्यानं टेबलावरचा काकांचा साचा पाहिला आणि त्याचा आवाज चढला. "तू मुद्दाम केलंस! दाढी करायला उभा राहिलो की तिथं ते असतात! नातू मला बघून आजोबा दुसरेच झाले म्हणतो! मी दुसरीकडून करून घेईन!"

"घ्या की."

गेला आणि परत आला. दुसरीकडची सैल होती, तिसरीकडची सूप पिताना वाटीत पडली, तीही पाहुण्यांसमोर. खायला ही एकच कवळी होती आणि बघायला हीच नको होती. या वेळी तो उभाच राहिला. "काय हवंय तुला?"

"काकूंकडे जा आणि आच कुणी मोठी केली ते सांगा. मग तेच सभेत सांगा, उभं राहून, त्याच हॉलमध्ये. मग या. तो वळलेला दात सरळ करते, फट बुजवते. तुमच्या लॅबमध्ये करतात तसे दात देते."

"इतक्या वर्षांनी कुणाला काय पडलंय त्याचं?"

"मला," ती म्हणाली आणि दिवा पेटवून कामाला लागली.

काकूंकडे काय झालं ते तिला काकूंनीच सांगितलं. काकूंना आता धूसर दिसतं. दारावर थाप पडली, दार उघडलं, उंबऱ्यात कुणीतरी कसनुसं हसलं. "आणि मी वेड्यासारखी बोलून गेले गं. म्हटलं, आलात? किती उशीर. आत या ना." काकू पदरानं डोळे पुसायला लागल्या. "तर तो तिथंच उंबऱ्यावर बसला आणि रडायला लागला. मला वाटलं, हे असे रडत नाहीत, मग हा कोण? मग त्यानं सांगितलं सगळं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, त्यांनी खुर्ची दाराकडे ठेवली होती तुझ्यासाठी. मी अजून हलवली नाही. बस."

पुढच्या सभेत तो उभा राहिला. "त्या कवळ्या मी उकळल्या होत्या. काका तापानं घरी होते. त्यांचे हात कधीच थरथरले नाहीत." काकांच्या दातांमधून, काकांच्या फटीतून हलकी शीळ काढत ते शब्द बाहेर आले. ते म्हातारे डॉक्टर मागे वळून तिला शोधायला लागले.

तिला वाटलं होतं, त्या दिवशी गार वाटेल. उलट ती पेटलीच. एवढंसं तर बोलायचं होतं! श्वासभर पुरणारं बोलणं! आणि तेवढ्यासाठी काका दूधवाल्याच्या थापेला मान वळवत गेले.

पुतण्या दात सरळ करून घ्यायला आला तेव्हा तिनं शब्द पाळला. वळलेला दात काढला, त्या जागी नवा सरळ बसवला, फट बुजवली. सगळी रांग कशी एकसारखी, जाहिरातीतल्यासारखी पांढरीशुभ्र. टोचणार नाही याची खात्री अंगठ्यानं करून घेतली. त्यानं आरशात पाहिलं. हसला. पुन्हा हसून पाहिलं. आरसा जरा लांब धरला, मग जवळ.

"हे... माझ्यासारखं नाही वाटत गं."

"नाही ना? कुणासारखंच नाही वाटत," ती म्हणाली. "हेच हवं होतं ना तुम्हाला?"

त्यानं आरसा पालथा ठेवला. "झालं ना आता? फिटलं?"

ती हात धुवायला गेली.

तो गेल्यावर तिनं तो वळलेला दात जेवणाच्या डब्यात, काकांच्या साच्याशेजारी ठेवला आणि झाकण लावलं. नवरा दारात उभा होता.

"झालं समाधान?"

"छे," ती डबा कपाटात सरकवत म्हणाली. "कवळी काय जन्मभर टिकते? झिजेल, सैल होईल. येईल परत. आणि खालचे दात अजून पडायचेत. खालची कवळी बाकी आहे."